मागच्या सीटखालचा गंज

आमच्या चाळीत मी डेअरिंगवाली म्हणून प्रसिद्ध आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, टॅक्सीवाल्यांशी भांडते, कोणी फाटकासमोर बाईक लावली तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्याचा उद्धार करते. पोरंटोरं मला बघूनच गाड्या हलवतात. ही कीर्ती मी मेहनतीने कमावली आहे आणि ती साफ खोटी आहे. मी भित्री बाई आहे. भीती वाटली की माझा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजाला लोक धाडस समजतात. ज्या तीन दिवसांबद्दल सांगते आहे त्या दिवसांत माझा आवाज अजिबात चढला नव्हता. यावरून काय ते समजा.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन, तिसऱ्या हाताची. सासूबाईंच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं: मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही राहतो परळला. गॅलरीत उभं राहिलं की इस्पितळांच्या इमारती दिसतात, पण आम्हाला जागा मिळाली माटुंग्याला, तीही सकाळी सहाच्या पाळीची. नवरा हिंदमात्याला साडीच्या दुकानात कामाला आहे. आईला जिना उतरवायला तो पहाटे उठतो, पण गाडीचं स्टिअरिंग म्हटलं की त्याचे हातपाय गळतात. मग मी शिकले. मी घरी फॉल-बीडिंग करते, ब्लाउज शिवते. शिकवणारा म्हणाला, ताई, मशीन चालवून तुमचा पाय तयार झालाय, क्लच छान सोडता. तेवढ्या एका कौतुकावर मी लायसन्स काढलं.

टॅक्सी करायची, असं कोणीही म्हणेल. पहिले दोन महिने टॅक्सीच होती. डायलिसिसनंतर सासूबाईंना कधी चक्कर यायची, कधी उलटी व्हायची. एकदा हाताच्या पट्टीतून रक्त पाझरलं तेव्हा टॅक्सीवाल्याने आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं. मग एका मंगळवारी, पाऊस नाही, संप नाही, काही नाही, तरी नाक्यावर उभं राहून एकही टॅक्सी मिळाली नाही. फोनवर मागवलेली दोनदा रद्द झाली. पाळी हुकली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या छातीत पाणी भरलं. पलंगाची कड धरून, तोंड उघडं टाकून त्या श्वास ओढत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. इस्पितळात नेलं, वाचल्या. पण शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातलं लांब अंतर, त्यात अंगात साठणारं पाणी, आणि त्यावर मंगळवारची पाळी चुकणं, याची जी धास्ती मी तेव्हा घेतली ती आजही गेलेली नाही. पुढच्याच महिन्यात व्हॅन घेतली. चाळीत तेवढी एकच चारचाकी.

सासूबाई बसायच्या मागे, सरकत्या दाराजवळ. ती बाजू खाली आहे, पाय फार उचलावा लागत नाही. पुढची सीट इंजिनावर, उंच आणि गरम. चार वर्षं हाच रिवाज. मी पुढे एकटी, त्या मागे एकट्या. जाता-येता त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. घरी मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू, त्यामुळे ही शांतता मला टोचायची. सून गाडी हाकते हे त्यांना रुचत नसणार, असं मी धरून चालले होते. मीही मग बोलायचे नाही.

आता वाळूचं सांगते. आमच्या चाळीतले बहुतेक कोकणातले, घरोघरी गणपती. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर चौपाटीवरची मूठभर वाळू घेऊन परत यायचं, ती देव्हाऱ्यापुढे ठेवून आरती करायची, मग चिमूट-चिमूट घरात चारी कोपऱ्यांना टाकायची. गाडी आल्यापासून सहा-सात घरांचे गणपती आमच्याच व्हॅनमधून दादरच्या चौपाटीवर जाऊ लागले. सासूबाई त्यांच्या जागेवर बसून राहायच्या. पाण्यात जाऊन आलेली माणसं ओले पाट त्यांच्या हवाली करायची. एक मांडीवर, बाकीचे पायाशी, आणि पाटांवरून समुद्राचं पाणी टपटप खाली. आजारपण आल्यापासून त्यांना कुठे जाणं नव्हतं, कोणी काही विचारणं नव्हतं. त्या एका संध्याकाळी मात्र अख्ख्या चाळीचे देव त्यांच्या ताब्यात असायचे. चेहरा असा उजळायचा की बघत राहावं.

सांडलेली वाळू त्या हाताने वेचायला लावायच्या. गाडीच्या त्या भागात झाडू लावायचा नाही, ही सक्त ताकीद. देवाची वाळू, तिला केरसुणी लावतात काय? रबरी मॅटच्या कडेने आत गेलेली वाळू कोणाला दिसत नव्हती, म्हणून ती तशीच राहिली. झाडू चालत नाही म्हणून मी काय करायचे, तर ओलं फडकं फिरवायचे. दर आठवड्याला, न चुकता. घरात त्यांच्या भाजीत चिमटीने मीठ मोजून घालणारी मी, गाडीत खारं पाणी मुरवत बसले होते. कुबट वास यायचा. मला तो कळत होता. मॅट उचलून बघावं असं दहा वेळा मनात आलं आणि दहाही वेळा मी देवाच्या वाळूचं निमित्त केलं. खरं निमित्त निराळं होतं. उचलली, आणि खाली काही निघालं तर?

त्या शनिवारी परत येताना त्यांना गाडीतच उलटी झाली. घरी आणून त्यांना झोपवलं आणि बादली घेऊन खाली आले. आता मॅट उचलणं भागच होतं. उचलली तर खाली करडी, ओलसर वाळू, थापून बसलेली. झाडू हातात होता तो बाजूला ठेवला आणि स्टीलच्या वाटीत हाताने वाळू भरली. तळाची वाळू तांबडी होती. तिच्याबरोबर पापुद्रे येत होते, खारीच्या बिस्किटाचे निघतात तसे. मी स्क्रू ड्रायव्हरने एक पापुद्रा उचकटायला गेले. जोर लावलाच नव्हता. ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर भोकातून खाली चाळीच्या अंगणातली फरशी दिसली, आणि तिच्यावर मघाशी मीच सांडलेलं पाणी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, संपलं. गाडी गेली. आता पहाटे साडेचारचा गजर नाही, जिना नाही, माटुंगा नाही. आता जे होईल त्याला मी जबाबदार नाही. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ हे वाटलं असेल, पण वाटलं. मग त्या भोकाच्या बरोबर वर सासूबाईंचे सुजलेले पाय असतात हे आठवलं. पत्र्याची भीती वाटली त्याहून जास्त भीती मला माझी वाटली.

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, फ्लोअर गेलाय म्हणजे कापून वेल्डिंग करायला लागेल, आठ दिवस तरी गाडी ठेवा. आठ दिवसांत तीन पाळ्या जाणार होत्या. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. मंगळवारी पहाटेपर्यंत हे भोक मलाच बुजवायचं होतं. नवऱ्याला सांगितलं नाही, तो हबकला असता. सासूबाईंना तर सांगणं शक्यच नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, कशानं झालं? आणि मग मी काय सांगणार होते? की तुमच्या देवाच्या वाळूने तुमच्या पायाखालची जमीन खाल्ली?

रविवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पत्र्याचा तुकडा आणि गंजावर मारायच्या लाल रंगाचा, रेड ऑक्साइडचा डबा आणला आणि गाडीत गुडघे टेकून घासायला लागले. जितकं घासावं तितकं भोक वाढत होतं. चांगला पत्रा लागेपर्यंत घासायचं, असं मी मोबाइलवर बघून ठरवलं होतं. चांगला पत्रा लागतच नव्हता.

“सूनबाई, हे काय मांडलंय?”

गाडीच्या दारात तळमजल्यावरचे काका उभे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस. त्यांच्याकडे गणपती नसतो, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती असते; पण विसर्जनाच्या दिवशी अंगणातली गर्दी हटवून आमची गाडी बाहेर काढून देणारे तेच. मी काहीतरी थातूरमातूर सांगायला तोंड उघडलं. पण त्यांची नजर आधी भोकावर गेली, मग वाटीतल्या वाळूवर.

“वाळूचं मी बोलणार नाही,” ते म्हणाले. “ते तुमचं. लोखंडाचं बोलतो. सरक जरा.”

घरात जाऊन ते छोटी हातोडी आणि खडू घेऊन आले. हातोडीच्या टोकाने ते पत्र्यावर हलकेच टकटक करत गेले. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. जिथे बद्द आवाज यायचा तिथे ते खडूने खूण करायचे. खुणा जोडून गोल काढला तर तो आधी बशीएवढा झाला. मग ताटाएवढा. मग परातीएवढा. दर टकटकीला मी मनात म्हणायचे, आता तरी वाजू दे. वरून निळा रंग शाबूत होता. पण ते हातोडी टेकवत होते तिथे आत काही उरलंच नव्हतं.

“वेल्डिंग घरी नाही करायचं,” ते म्हणाले. “पेट्रोलची टाकी हातभरावर आहे. ठिणगी उडाली तर चाळ पेटेल. मी ड्रिल मारून देतो, रिव्हेटच्या खिळ्यांनी पत्रा बसव. पण हे मलम आहे, लक्षात ठेव. इलाज नाही.”

पत्रा कापायच्या आधी मी वर्तमानपत्र अंथरून भोकाचा कागदी नमुना बेतला आणि सवयीने चारी बाजूंनी शिवणीची दोन इंच माया सोडली. काका हसायला लागले. “अगं, गाडीला ब्लाउज शिवतेस काय?” मीही हसले. त्या तीन दिवसांत तेवढंच. पण बेतता बेतता माझं हसू गेलं, कारण हे काम मला माहीत होतं. विरलेल्या लुगड्याला नवं कापड लावलं तर टाके नव्या कापडातून सुटत नाहीत, जुनं कापड टाक्यांच्या कडेने फाटतं. गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगते, बाई, याला ठिगळ धरणार नाही. आता मी तेच करत होते आणि वरून एक जिवंत माणूस बसवणार होते. पुढे गॅरेजवाल्याने माझं ते ठिगळ नुसत्या हाताने उपटून काढलं.

संध्याकाळपर्यंत पत्रा बसला. जाताना काका म्हणाले, “सीट सोडवून तिचे बोल्ट ज्या पत्र्यात आहेत तो बघ. त्याशिवाय कोणाला बसवू नकोस.”

मी हो म्हटलं आणि बघितलं नाही. सोमवारी सकाळी रेड ऑक्साइडचा हात मारला, वाळत ठेवला आणि वर येऊन मशीनवर बसले. एका लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते. ते बुधवारी दिले असते तरी चाललं असतं. पण मी एकामागून एक बाह्या लावत राहिले, काजं केली, हुक लावले, नको तिथे दुहेरी टीप मारली. पाना खाली गाडीतच पडला होता. दुपारी एकदा जिन्यापर्यंत गेले आणि दूध आणायचं आहे असं स्वतःला सांगून वाट बदलली. जे बघितलं नाही ते शाबूत आहे असं समजून दिवस काढता येतो, हे मला चांगलं जमतं. वर्षभर मॅटच्या बाबतीत मी तेच केलं होतं.

सासूबाई पलंगावर होत्या. शनिवारपासून पाणी साठत होतं. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. एरवी सोमवारी संध्याकाळी त्या बडबड करतात, मोजून मिळणारं पाणी वाढव म्हणून वाद घालतात. त्या दिवशी गप्प होत्या. चारच्या सुमाराला त्यांनी मला दोन उशा मागितल्या.

“दोन कित्याक?” मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात त्यांची मालवणी येते.

“आडवी झाली की दम लागता गो.”

मी उशा लावल्या. मग कात्री ठेवली आणि खाली गाडीतला पाना घ्यायला गेले. मंगळवार चुकवता येणार नव्हता.

सीटला चार बोल्ट. पहिल्याला पाना लावून जोर करायला गेले तर जोर लागलाच नाही. बोल्ट अर्धा फिरला आणि वर आला, खाली नाण्याएवढा पत्र्याचा तुकडा चिकटलेला. दुसराही तसाच, नुसत्या बोटांनी. तिसरा थोडा अडला आणि मग कट् करून सुटला. चौथा, दारापासून लांबचा, पक्का होता. मी सीटला हात लावला. ती एका कोपऱ्यावर डुलली.

मी तिथेच, लाल रंगावर बसले. साडीला रंग लागला, लागू दे. चार वर्षं. किती स्पीडब्रेकर, किती खड्डे. किती वेळा कोणी बाईकवाला आडवा आला म्हणून मी कचकन ब्रेक दाबला असेल आणि काच खाली करून शिव्या घातल्या असतील. आणि मागे ती बाई एका बोल्टवर बसलेली. किती दिवसांपासून एका बोल्टवर, तेही कळायला मार्ग नव्हता. सुटलेले तीन बोल्ट माझ्या मुठीत होते. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर वाळूचा राग आला, आणि देवाचा राग आला याची पुन्हा वेगळी भीती वाटली. अंगणात पोरं खेळत होती, बायका नळावर बोलत होत्या, आणि मला गाडीतून उतरता येत नव्हतं.

काका आले ते मला शोधतच. माझ्या हातातले बोल्ट बघितले. पुढच्या दाराने आत वाकून त्यांनी डाव्या सीटच्या बुडाशी हातोडी मारली. खण्ण. बाजूला मारली. खण्ण. चारही बोल्टांपाशी, मग बेल्टच्या हुकापाशी. सगळीकडे तोच आवाज. मी श्वास धरून ऐकत होते.

“इथे पाणी मुरलं नाही,” ते म्हणाले. “म्हातारीला पुढे बसव.”

“काका, त्यांना चढता येणार नाही. उंच आहे.”

“मग चढव. मागे नाही म्हणजे नाही. मागची सीट मी काढून टाकतो, म्हणजे तुला मोह नको.”

त्यांनी खरंच काढली. मी नवऱ्याला दुकानात फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, वरच्या फळीवरच्या साड्या काढायला आमच्याकडे दोन पायऱ्यांचं स्टूल आहे, ते आणतो. मला वाटलं होतं तितका तो काही घाबरला नाही. किंवा घाबरला असेल आणि स्टुलाचं बोलला असेल.

मंगळवारी साडेपाचला आम्ही दोघांनी सासूबाईंना खाली आणलं. दर दोन पायऱ्यांना त्या थांबत होत्या. गाडीपाशी आल्यावर सवयीने सरकत्या दाराकडे वळल्या. आत सीट नव्हती, नुसता लाल पत्रा.

“मागची सीट दुरुस्तीला काढलीय,” मी म्हटलं. “आज पुढे बसायचं.”

त्यांनी लाल पत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “वाळू?”

“हातानंच गोळा केली, आई. झाडू नाही लावला. घरात वाटीत आहे.”

त्यांनी मान हलवली. स्टुलावर एक पाय, नवऱ्याच्या खांद्यावर एक हात, डायलिसिसची सुई लावतात तो हात छातीशी जपलेला, अशा त्या वर चढल्या. बसल्यावर मिनिटभर नुसता श्वास घेत राहिल्या. मी बेल्ट लावला आणि तो तीनदा ओढून बघितला.

निघालो. अंधार होता, रस्ते मोकळे होते. मोकळा रस्ता मला कधीच बरा वाटत नाही, कारण लोक सुसाट येतात. माझं लक्ष चारही बाजूंना होतं. मागे माझा पत्रा एका रिव्हेटवर किरकिरत होता. शेजारी त्यांच्या श्वासाला बारीक शिट्टी येत होती. ती वाढतेय की तेवढीच आहे हे मी ऐकत होते. हिंदमात्याच्या पुलावर चढताना मागून एक डंपर हॉर्न देत आला. एरवी त्याला माझ्याकडून ऐकायला मिळालं असतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. तो बाजूने गेला तेव्हा आमची गाडी हलली आणि मी स्टिअरिंग असं धरलं की बोटं पांढरी पडली. पूल उतरताना दुसऱ्या गिअरवरच होते. गिअर बदलायला एक हात सुटा करायचा धीर होत नव्हता. घाम कानामागून मानेवर आला होता.

मी रस्त्यावरून नजर हटवली नाही, तरी मला कळत होतं की सासूबाई पुढे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे. पूल संपला, दादर मागे पडलं, तरी बघतच होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, हळू चालव. किंवा, कशाला घेतलीस ही गाडी.

“रोज अशीच चालवतंस?” त्या म्हणाल्या. मध्ये श्वास घेतला. “चार वर्षां मी मागे बसान तुझी मान बघतंय. कडक. लाकडासारखी. माका वाटायचा, तू रागात असतंस. माझा करून करून कंटाळलंस. म्हणान मी गप बसायचंय.” पुन्हा श्वास घेतला. “तू तर भितंस गो.”

सहाला दहा मिनिटं होती. गाडी बाजूला घेता येत नव्हती, डोळे पुसता येत नव्हते.

“हो आई,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून.”